पंचांग ठेवा, पत्रिका टाका

(एका गांवीं चावडीपुढें भरलेल्या सभेंत तेथील शाळामास्तरांनीं दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



आज आम्हांस ज्योतिष या विषयावर चार शब्द बोलण्यास सांगण्यांत आलें आहे. आम्ही ज्योतिषी नव्हे, शास्त्रीहि नव्हे. ट्रेनिंग कॉलेजांत शिकलेले आणि फळ्यावर गणितें घालून पोट भरणारे आम्ही खेड्यांतले मास्तर. परंतु हा विषय असा आहे कीं, त्यांतली बहुतेक भीति चौथीच्या गणितानें उतरते. म्हणून बोलण्याचें धाडस करतों. दुसरेंहि एक कारण आहे. या बाबतींत आमच्या हातून एक चूक घडली आहे. ती चारचौघांत कबूल केल्यावांचून दुसऱ्यास उपदेश करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. तेव्हां प्रथम तीच सांगतों.

२००५ सालची गोष्ट. आम्ही नोकरीस नवे होतों. जून महिन्यांत एक बाई आपल्या मुलीस पहिलींत घालण्यास घेऊन आली. नवराबायको दरसाल ऊसतोडीस जाणारीं. मुलीची जन्मतारीख विचारली, तर दाखला नाहीं, कागद नाहीं. बाई म्हणाली, “गुरुजी, थंडीचे दिवस होते बघा. कारखाना जोरांत चालला होता. कोपींतच झाली ही, पहांटे गाडी भरायच्या वेळेला.” एवढ्यावरून तारीख कशी काढावी? जुन्या मास्तरांनीं आम्हांस रीत शिकविली होती कीं, तारीख ठाऊक नसेल तर १ जून लिहावी, म्हणजे वयाचा हिशेब शाळेच्या सालाशीं बरोबर बसतो. या सभेंत कागदोपत्रीं १ जूनला जन्मलेले किती आहेत, त्यांनीं हात वर करावे. पाहा, निम्मी सभा एकाच दिवशीं जन्मली आहे! त्याच रीतीनें आम्हीं त्या मुलीपुढें रजिस्टरांत ‘१ जून १९९९’ असें लिहिलें. मुलगी हुशार निघाली. गणितांत तर वर्गांत पहिली.

पुढें सोळा वर्षांनीं तिची सोयरीक जुळली, सुपारी फुटली. मग मुलाकडच्यांनीं पत्रिका मागितली. कोपींत जन्मलेल्या पोरीला पत्रिका कोठली? मध्यस्थानें शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील तारीख नेऊन एका ज्योतिष्यास दिली. वेळ पहांटेची म्हणून सांगितली. पत्रिका तयार झाली आणि तींत मूळ नक्षत्र निघालें. मुळावर जन्मलेली सून सासऱ्याच्या जिवावर येते, असें जातकाचे ग्रंथ सांगतात म्हणे. सोयरीक मोडली. बापानें मुकादमाकडून वाढीव उचल घेतली, नक्षत्रशांति केली, तरी ती पुन्हां जुळली नाहीं. एके दिवशीं मुलीची आई शाळेंत आली. ती रडली नाहीं, भांडली नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, “गुरुजी, माझी पोर थंडींत झाली. जूनमध्यें कारखाने बंद असतात. मग तुमच्या शाळेंत तिला मूळ कसं लागलं?”

मंडळी, त्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. ज्या नक्षत्रापायीं त्या मुलीचें लग्न मोडलें, तें तिच्या जन्मवेळीं आकाशांत असल्याचा कांहींच पुरावा नव्हता. तें आमच्या लेखणींतून उतरलें होतें. रजिस्टराची नक्कल घेऊन आम्ही मुलाच्या बापाकडे गेलों. “ही तारीख खरी नव्हे, ती आम्हींच अंदाजानें लिहिली आहे,” असें सांगितलें. त्यांनीं आम्हांस चहा दिला, मान दिला, आणि म्हणाले, “तुमचं खरं असेल गुरुजी. पण एकदां मनांत आलं तें आलं.” त्या दिवसापासून आम्ही हा विषय वाचूं लागलों. जें कळलें तें तुमच्यापुढें ठेवतों.

प्रथम एक गुंता सोडवून घेऊं. ज्योतिष या एका नांवाखालीं दोन निराळीं कामें चालतात. एक मोजण्याचें आणि दुसरें भविष्य सांगण्याचें. पहिल्यास गणित म्हणतात, दुसऱ्यास फल किंवा जातक. मोजण्याचें काम खरें आहे आणि तें पूर्वजांनीं मोठ्या कष्टानें केलें आहे. पंचांग म्हणजे पांच अंगें: तिथि, वार, नक्षत्र, योग आणि करण. चंद्र सूर्याच्या पुढें बारा अंश गेला कीं एक तिथि संपते. अशा तीस तिथि झाल्या कीं महिना. तिथीचें अर्धें तें करण. आकाशांतील ज्या वाटेनें चंद्रसूर्य फिरतात, तिचे सत्तावीस सारखे भाग केले, तीं नक्षत्रें; तिचेच बारा भाग केले, त्या राशि. सूर्य आणि चंद्र यांच्या स्थानांची बेरीज करून काढतात तो योग. राहु आणि केतु हे तर ग्रहच नव्हेत. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेस ज्या दोन ठिकाणीं ओलांडते, ते दोन बिंदु म्हणजे राहु-केतु. दोन पाणंदी जेथें एकमेकींस छेदतात त्या जागेस कोणीं डोळे आणि दांत लावावे, तसा हा प्रकार आहे.

हें सर्व मोजमाप आहे. मोजणीदार साखळी टाकून शिवाराचे गट पाडतो, तसे गणित करणाऱ्यांनीं आकाशाचे गट पाडले. गट पाडले म्हणून तर आपणांस सण कळतात, ग्रहण कळतें, पेरणीचे दिवस कळतात. पण तेरा नंबरच्या गटांत जो नांगर धरील त्याचा सासरा मरेल, असें मोजणीदारानें सांगितलें तर तुम्ही त्याला शिवारांत उभा कराल काय? मोजणीचा नकाशा खरा असतो. पण त्या नकाशावरून कोणाचें मरण वाचतां येत नाहीं. पंचांगाची गोष्ट हीच आहे.

कोणी म्हणेल, मास्तर, पंचांगांतलें ग्रहण मिनिटाला बरोबर येतें, मग त्याच पुस्तकांतलें भविष्य खोटें कसें? मोठा वाजवी प्रश्न आहे. उत्तर असें कीं, ग्रहण ही चंद्र, सूर्य आणि पृथ्वी यांच्या चालीची गोष्ट आहे. बैल किती फेऱ्या मारील तर मोट किती वेळां रिकामी होईल, हें हिशेबानें सांगतां येतें. पण मोट भरली म्हणून शेजाऱ्याच्या घरीं मुलगा होईल, असें त्या हिशेबांतून निघत नाहीं. बरोबर आलेल्या ग्रहणाच्या आडून भविष्य खपविणें म्हणजे चोख मापानें खोटा माल विकणें होय.

आतां शेतकऱ्याच्या जवळची गोष्ट घेऊं. सूर्य एका नक्षत्रांत तेरा-चौदा दिवस असतो. ७ जूनच्या सुमारास मृग, २१-२२ जूनला आर्द्रा, मग पुनर्वसु, पुष्य, आश्लेषा, मघा, असें आपण हस्त, चित्रा, स्वातीपर्यंत मोजतों. हें सूर्याचें मोजमाप असल्यामुळें ऋतूशीं जुळतें आणि निरक्षर शेतकऱ्यासहि तोंडपाठ असतें. तें टाकावें असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. मात्र त्यांतहि एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. नक्षत्रें आणि ऋतु यांची सांगड कायमची नाहीं. सुमारें सत्तर वर्षांत एक दिवस एवढी ती सरकते. म्हणूनच दिवस वाढूं लागतो २२ डिसेंबरच्या सुमारास आणि आपण मकरसंक्रांत करतों १४ जानेवारीच्या सुमारास. वराहमिहिराच्या काळीं, म्हणजे सहाव्या शतकांत, या दोन गोष्टी जवळजवळ एकत्र होत्या.

पण मृग, आर्द्रा मोजून आपण थांबत नाहीं. नक्षत्राचें वाहन कोणतें, हें विचारतों. हत्ती, म्हैस, बेडूक आलें तर पाऊस बहुत. कोल्हा, मेंढा आला तर कमी. हें वाहन कसें काढतात, ठाऊक आहे? सूर्य नक्षत्रांत शिरतो त्या दिवशीं सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजावें, येईल त्या आंकड्यास नवांनीं भागावें आणि बाकी पाहावी. एक उरला तर घोडा, दोन तर कोल्हा, तीन तर बेडूक, चार मेंढा, पांच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव. कांहींच उरलें नाहीं तर हत्ती. या भागाकारांत ढग कोठें आहे? वारा कोठें आहे? आणि ही बाकी सगळ्या महाराष्ट्रास एकच. एका सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वरीं वर्षास पांच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तेथून शंभर किलोमीटरच्या आसपास असलेल्या माण तालुक्यांत पांचशेंच्या आसपास. हत्ती दोघांचाहि तोच! वेधशाळेचा अंदाजहि चुकतो, हें आम्हांस मान्य आहे. पण वेधशाळा पाऊस मोजते आणि आपला अंदाज किती चुकला तें ताडून पाहते. वाहन चुकलें तर त्याचा जाब कोणी कधीं दिला आहे काय?

आतां पत्रिकेकडे वळूं. हें शास्त्र वेदकाळापासूनचें आहे, तें खोटें कसें असेल, असें म्हणतात. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं १८९६ सालीं ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. ते पेशानें शिक्षक आणि जातीनें ब्राह्मण होते. पण सत्य शोधणारा कोणत्याहि जातींत जन्मला तरी आम्हांस तो वंद्य आहे. वेदांगज्योतिष हें यज्ञाचे काळ ठरविण्याचें गणित आहे. त्यांत मेष-वृषभादि बारा राशि नाहींत आणि माणसाची जन्मपत्रिकाहि नाहीं. होरा, केंद्र, द्रेष्काण हे जातकांतले मोठाले शब्द ग्रीक भाषेंतून आलेले आहेत. वराहमिहिरानें स्वतःच्या ग्रंथांत या विद्येबद्दल यवनांस ऋषींसारखा मान दिला आहे. दुसऱ्याकडून विद्या घेणें हा दोष नव्हे; चांगली विद्या कोठूनहि घ्यावी. पण परक्याकडून आलेली वस्तु वेदाची म्हणून पूज्य ठरवावी आणि तिच्याबद्दल शंका घेणारास धर्मबुडव्या म्हणावें, हें कोणत्या न्यायांत बसतें?

बरें, ती येथें आल्यावर तिला येथला रंगहि चढला. लग्नाचे छत्तीस गुण तुम्ही ऐकतां. त्यांतला पहिला गुण ‘वर्ण’ या नांवाचा आहे. कर्क, वृश्चिक, मीन या राशि ब्राह्मण. मेष, सिंह, धनु क्षत्रिय. वृषभ, कन्या, मकर वैश्य. आणि मिथुन, तूळ, कुंभ शूद्र! वराचा वर्ण वधूच्या वर्णाहून खालचा असेल तर तो गुण गेला. ग्रहांचीहि वांटणी अशीच. गुरु-शुक्र ब्राह्मणांचे, रवि-मंगळ क्षत्रियांचे, चंद्र वैश्यांचा, बुध शूद्रांचा, आणि शनि अंत्यजांचा. ज्या शनीला आपण सर्वांत अशुभ म्हणून तेल वाहतों, तो कोणाच्या वांट्यास लावून दिला आहे, याचा विचार करा. जमिनीवरची उतरंड आकाशांत नेऊन टांगली, आणि मग आकाशाकडे बोट दाखवून सांगितलें कीं, पाहा, ही देवानेंच केलेली आहे.

आतां या शास्त्राचें गणित पाहूं. पत्रिकेंत बारा घरें. त्यांपैकीं पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या आणि बाराव्या घरीं मंगळ असला तर मंगळदोष. बारांत पांच, म्हणजे शेंकडा सुमारें बेचाळीस माणसांस मंगळ आहे. साडेसाती म्हणजे जन्मराशीच्या मागची, तिची स्वतःची आणि पुढची अशा तीन राशींतून शनि जात असतो तो काळ. बारांत तीन, म्हणजे कोणत्याहि दिवशीं जगांतलीं चार माणसांपैकीं एक साडेसातींत. आतां ज्याला मंगळहि नाहीं आणि आज साडेसातीहि नाहीं, अशीं माणसें किती? बारांतल्या सातांचे तीनचतुर्थांश. म्हणजे सोळांत सात. निम्म्याहून ज्यास्त लोकांस या दोहोंपैकीं एक तरी भय नेहमींच चिकटलेलें. मुलींच्या बाबतींत आणखी चार नक्षत्रें जोडलीं आहेत: मूळ सासऱ्यास वाईट, आश्लेषा सासूस, ज्येष्ठा थोरल्या दिरास, विशाखा धाकट्या दिरास. सत्तावीसांत चार, म्हणजे दर सात मुलींत एक. आणि नवऱ्या मुलाच्या नक्षत्रानें सुनेचा जीव जातो, असें त्यांत कां नाहीं? सासुरवासानें आणि हुंड्यापायीं सुना मेल्या, जळाल्या. त्यांच्या नवऱ्यांचीं नक्षत्रें कोणीं पाहिलीं?

हें गणित तरी खऱ्या वेळेवर चालतें काय? सुमारें दोन तासांत लग्नराशि बदलते, आणि लग्न बदललें कीं बाराही घरें फिरतात. आपल्या घरीं जन्मवेळ कशी सांगतात? “गुरें सुटायच्या वेळेला”, “दिवेलागणीला”, “पाऊस थांबल्यावर”. पुन्हां, आपल्याच महाराष्ट्रांत दोन मतांचीं पंचांगें चालत आलीं आहेत. टिळक पंचांग आकाशमोजणीचा आरंभ एका ठिकाणीं धरतें आणि इतर बहुतेक पंचांगें दुसऱ्या ठिकाणीं. दोहोंत सुमारें चार अंशांचें अंतर आहे. त्यामुळें दर साडेसात मुलांमागें एकाची रास, आणि दर दहांत तिघांचें नक्षत्र, एका पंचांगांत एक तर दुसऱ्यांत दुसरें. ज्या मुलीला एका पुस्तकांत मूळ, तिला दुसऱ्या पुस्तकांत तें नसेलहि. सासऱ्यानें मग कोणत्या पुस्तकाप्रमाणें मरावें?

जेथें जन्मवेळच नाहीं तेथें नांवावरून रास काढतात. ही तर सर्वांत गंमतीची गोष्ट. समजा, मुलीचें नांव सावित्री. ‘सा’ या अक्षरावरून तिची रास कुंभ. त्यावर गुण जुळविले. लग्न लागलें, आणि आपल्या रीतीप्रमाणें नवऱ्यानें तांदळाच्या ताटांत अंगठीनें तिचें नवें नांव लिहिलें: लक्ष्मी. ‘ल’ अक्षराची रास मेष! म्हणजे ज्या राशीशीं गुण जुळविले ती मांडवांतच संपली. एवढेंच नव्हे, तर कुंभ राशि शूद्र वर्णाची आणि मेष राशि क्षत्रिय वर्णाची. जें चातुर्वर्ण्य ईश्वरानें घातलें आणि तें कधीं हलत नाहीं असें आम्हांस पिढ्यान् पिढ्या बजाविलें, तें तांदळांत अंगठी फिरतांच हललें. बंधूंनो, यावर आणखी काय बोलावें?

कोणी म्हणेल, तर्क पुष्कळ झाला, अनुभवाचें काय? तर अनुभव घेऊं. १९६२ सालच्या फेब्रुवारीच्या आरंभीं मकर राशींत आठ ग्रह एकत्र आले. प्रलय होणार म्हणून देशभर होम झाले, तूप जळलें, लोक भयानें अर्धे झाले. ३, ४, ५ तारखा आल्या आणि गेल्या. प्रलय झाला नाहीं. उलट ३० सप्टेंबर १९९३च्या पहांटे किल्लारी, सास्तूर भागांत भूकंप झाला. गणपतीचें विसर्जन करून लोक झोंपले होते. हजारों माणसें दगडमातीच्या घरांखालीं मेलीं. त्यांत तान्हीं मुलें होतीं, म्हातारीं होतीं, बाराही राशींचीं माणसें होतीं. त्या सर्वांचा मृत्युयोग एकाच पहांटेचा होता काय? मारणारा ग्रह नव्हता. हलणारी जमीन आणि अंगावर कोसळणाऱ्या जड भिंती यांनीं मारलें. त्यापासून घ्यायचा धडा घर कसें बांधावें हा आहे, शांति कशी करावी हा नव्हे.

२००८ सालीं पुण्यास खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि त्यांचे सहकारी यांनीं सरळ परीक्षाच घेतली. त्यांत नरेंद्र दाभोळकरहि होते. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांच्या, अशा दोनशें पत्रिका घेतल्या. प्रत्येक ज्योतिष्यास चाळीस पत्रिका देऊन विचारलें कीं, यांतील कोणतें मूल कोणत्या प्रकारचें तें सांगा. सत्तावीस ज्योतिष्यांनीं उत्तरें पाठविलीं. सर्वांत ज्यास्त बरोबर उत्तरें देणाराचीं चाळीसांत चोवीस आलीं. एका संस्थेनें दोनशेंही पत्रिका पाहिल्या. तिचीं १०२ बरोबर आलीं. नाणें उडवून उत्तरें दिलीं असतीं तर शंभराच्या आसपास बरोबर येतच. मूल हुशार कीं मंद, एवढी ढोबळ गोष्टहि ज्या कागदावरून कळत नाहीं, त्यावरून सासऱ्याचें आयुष्य कळतें, हें कसें मानावें?

या शास्त्राच्या मुळाशीं एक तत्त्वज्ञान आहे, त्याचाहि विचार केला पाहिजे. म्हणतात, ग्रह कांहीं करीत नाहींत, ते फक्त मागल्या जन्मींचें कर्म दाखवितात. बरें, कर्माचें फळ अटळ असेल तर शांतीनें तें टळेल कसें? आणि पैसे देऊन टळत असेल तर तें अटळ कसलें? दोहोंतून एक धरा. पण या तत्त्वज्ञानाचें खरें नुकसान निराळेंच आहे. कर्जांत बुडालेला कुणबी सावकाराचें व्याज शेंकडा किती हें विचारीत नाहीं. शनि कितव्या घरीं हें विचारतो. बाजारांत भाव कोणीं पाडला हें न विचारतां आपलें प्रारब्ध खोटें म्हणतो. ज्याच्या हातून अन्याय झाला तो सुटतो, आणि आरोपी म्हणून कोट्यवधि मैलांवरचा एक निर्जीव गोळा उभा राहतो. त्याला समन्स कोण बजावणार?

जोतीराव फुले यांनीं हें दीडशें वर्षांपूर्वीं ओळखलें. १८६९ सालीं ‘ब्राह्मणांचें कसब’ लिहून त्यांनीं जन्मापासून मरणापर्यंत भटजोशी शेतकऱ्यास कसा नागवितो तें दाखविलें. २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत भटावांचून लग्न लागलें. त्या काळीं ग्रामजोशाचें वतन असे. त्याला न बोलावतां कार्य केलें तरी तो दक्षिणेवर हक्क सांगे, कोर्टांत जाई. या जुलमाविरुद्ध सीताराम केशव बोले यांनीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत बिल आणलें, आणि १९२६ सालीं कायदा होऊन न बोलावलेल्या पुरोहिताचा हक्क गेला. केवढ्या झगड्यानें मिळालेली ही सुटका! आणि आज? आज कोणी जोशी जबरदस्ती करीत नाहीं. आम्हीच आपल्या पायांनीं जातों, नंबर लावतों, हातांतल्या मोबाईलवर कुंडली काढतों. आज भविष्य सांगणारे सर्व जातींत आहेत, आमच्याहि जातींत आहेत. तेव्हां आतां दोष एका जातीवर टाकून मोकळें होतां येणार नाहीं. बेडी कायद्यानें काढली. पायाला तिची संवय राहिली आहे.

भविष्य विचारणारास आम्ही हंसत नाहीं, हें मात्र लक्षांत घ्या. माणूस तेथें हौसेनें जात नाहीं. पाऊस गेलेला असतो, पोर आजारी असतें, मुलीचें वय वाढत असतें. ज्योतिषी त्याचें गाऱ्हाणें अर्धा तास ऐकून घेतो. भाऊबंद तेवढेंहि ऐकत नाहींत. म्हणून नुसतें ‘जाऊं नका’ म्हणून भागणार नाहीं. ज्याच्यावर संकट आलें त्याच्या ओट्यावर आपण जाऊन बसलें पाहिजे.

तेव्हां आमच्या चार विनंत्या आहेत. पहिली, सोयरीक करतांना पत्रिका मागूं नका. कर्ज किती, व्यसन आहे कीं नाहीं, शिक्षण किती, मुलीची मर्जी आहे काय, हें विचारा. दुसरी, दोघांचें रक्त तपासून घ्या. सिकलसेल, थॅलेसेमिया यांसारखे आजार आईबाप दोघांकडून मिळून मुलांत उतरतात, आणि तें तपासणींत आधींच कळतें. खरी पत्रिका ती. तिसरी, शांतीचा पैसा बाजूस काढून मुलीच्या नांवें ठेवा. चौथी, मूल जन्मलें कीं, १९६९च्या कायद्याप्रमाणें २१ दिवसांच्या आंत जन्माची नोंद करा. ऊसतोडीवर, वीटभट्टीवर, जेथें मूल जन्मेल तेथल्या ग्रामपंचायतींत ती होते. रास काढण्यासाठीं नव्हे. तर तुमच्या लेकराची तारीख कोणा मास्तराला अंदाजानें लिहावी लागूं नये म्हणून.

शेवटीं त्या मुलीबद्दल. दोन वर्षांनीं तिचें लग्न दुसऱ्या गांवीं झालें. त्या घरच्यांनीं पत्रिका विचारली नाहीं. तिचे सासरे परवां बाजारांत भेटले. बैलांसाठीं वेसण घेत होते, प्रकृति ठणठणीत. यावरून आम्ही सिद्धांत मांडीत नाहीं. एका माणसाच्या आयुष्यावरून शास्त्र खरेंहि ठरत नाहीं आणि खोटेंहि ठरत नाहीं. परंतु शांतीसाठीं घेतलेली ती उचल फेडण्यास तिच्या आईबापांस ऊसाचे दोन हंगाम लागले, हें मात्र हिशेबानें सिद्ध आहे. पंचांग भिंतीवर राहूं द्या. सण, पेरणी, ग्रहण त्यांत पाहा. लेकीबाळींचें नशीब तेवढें त्यांत पाहूं नका.

सत्याचा जय असो. एवढें बोलून आम्ही आपली रजा घेतों.